नऊचं उत्तर नऊ

प्रीतम शेलारने आयुष्यात एकच गोष्ट लोकांना फुकट वाटली आणि सगळ्यात जास्त बोलणी त्याने तिच्यापायीच खाल्ली.

ती गोष्ट म्हणजे एक मोबाइल ॲप. पूर्वी इंजिनिअर लोकांच्या खिशात एक आडवा, काळा कॅल्क्युलेटर असायचा. त्याला 'बरोबर'चं बटणच नव्हतं. दोन आणि तीन मिळवायचे तर आधी दोन, मग एंटर, मग तीन आणि शेवटी अधिक. ज्याला ही सवय लागली त्याला दुसरा कॅल्क्युलेटर हातात धरवत नसे. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलेलं. प्रीतमच्या कॉलेजातल्या एका सरांकडे तो होता, पण सर त्याला कोणाला हात लावू देत नसत. ती रुखरुख त्याच्या मनात राहून गेली. पुढे ठाण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागल्यावर, कळव्याला घरी आल्यावर जो वेळ मिळेल त्यात त्याने तो अख्खा कॅल्क्युलेटर मोबाइलवर उभा केला. तीच बटणं, तोच करडा डिस्प्ले, तेच काटकोनी आकडे. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत.

त्याला वाटलेलं लोक खूश होतील. लोकांनी लिहिलं, बटणाचा आवाज खरा वाटत नाही. कोणी लिहिलं, काळा रंग जरा जास्तच काळा झालाय. प्रीतम दात-ओठ खात सगळ्यांना नम्र उत्तरं द्यायचा.

पण 'गुणाजी परब' या नावाने जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. एक स्टार, आणि खाली दोनच शब्द: "उत्तर चुकतं."

प्रीतमने लिहिलं, "नमस्कार. कृपया कुठलं उत्तर चुकतं ते सांगाल का?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "नऊचं."

"नऊचं म्हणजे काय? तुम्ही कुठली बटणं दाबता? उत्तर काय येतं?"

"नऊचं उत्तर नऊ येतं. ते चूक आहे."

प्रीतमने मोबाइल टेबलावर आपटला. "समीक्षा, हे वाच. नऊचं उत्तर नऊ येतं म्हणून एक स्टार! मग काय दहा यायला पाहिजे?"

समीक्षा त्याची बायको. ती भाजी निवडत होती. "तू कशाला उत्तरं देत बसतोस? सोडून दे ना."

"सोडून कसं देऊ? रेटिंग खाली आलंय माझं."

"कोणाला पडलीय त्या रेटिंगची? तुला सोडून?"

हे खरं होतं, म्हणून त्याला अजून राग आला. त्याने तिरीमिरीत परबांना स्वतःचा फोन नंबर पाठवला आणि लिहिलं, प्रत्यक्ष बोलूया. फोन लगेच आला. पण बोलणारी बाई होती.

"तुम्हीच का ते ॲपवाले? मी शेवंती परब, शहाडहून बोलतेय. गुणाजी माझे मिस्टर. ते मोबाइलवर लिहीत नाहीत, मीच लिहिते. अहो, तुमच्या त्या ॲपने माझ्या घरात आग लावलीय."

"काकू, पण नऊ म्हणजे—"

"मला त्यातलं काही कळत नाही. ते नऊ घालतात, काय काय दाबतात, आणि शेवटी नऊ दिसले की मोबाइल भिंतीवर फेकतात. काच दोनदा बदलून झाली. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणते, आई, बरोबर तर आहे. मग ते तिच्यावर ओरडतात. तुम्ही येऊन बघा, नाहीतर ते ॲप बंद करा. आता माझ्यात ताकद नाही."

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. नळाची तक्रार घेऊन म्हाडाच्या ऑफिसात चौथ्यांदा गेलेल्या माणसाचा तो आवाज होता. प्रीतमला वाटलं, एकदा जाऊन हे प्रकरण मिटवून टाकावं. परबांचं काय चुकतं ते त्यांना नीट समजावून सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

शनिवारी तो बाइकवर निघाला. शिळफाट्यापासून पुढे मेट्रोच्या कामाने रस्ता निम्मा उरलेला, त्यात पत्री पुलाच्या अलीकडे एक टेम्पो बंद पडलेला. कल्याण पार करून शहाडला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता आणि मनात दहा-बारा टोमणे तयार झाले होते.

शेवंतीकाकूंनी दार उघडलं. बारीक, ताठ बाई. केसांना धड तेलफणी नाही. "आलात? चप्पल आत घ्या, बाहेर ठेवली तर ते उचलून कुठेतरी ठेवतात. आणि एक सांगते. त्यांना विसरायचा आजार आहे. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही आठवत. त्यांच्याशी वाद घालू नका."

टोमणे तिथेच घशात राहिले.

गुणाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात मोजे. त्यांनी प्रीतमकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही काय वेळ झाली धोंडीबा? ऊन वर आलं की हवा नाचायला लागते, पट्टीवरचं माप वाचता येत नाही. कितीदा सांगायचं?"

प्रीतमने काकूंकडे पाहिलं.

"धोंडीबा त्यांचा माणूस होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे सर्व्हेअर. कालवे, बोगदे, रस्ते, सगळीकडे मोजणीला जायचे. धोंडीबा मापाची उंच पट्टी धरून उभा राहायचा."

कपाटातून त्यांनी एक मऊ कातडी पाकीट काढलं. आत तो कॅल्क्युलेटर होता. खरा. कडा झिजलेल्या, आकड्यांचा रंग बोटांनी पुसट झालेला. प्रीतमने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हातात घेतला. बटण दाबलं. डिस्प्ले कोरा.

"कपडे भिजवलेल्या बादलीत पडला. पडला म्हणजे त्यांनीच ठेवला. कल्याणातल्या सगळ्या दुकानांत फिरले. एकाने तर सांगितलं, काकू, नवीन घ्या, भाजीवाल्यांकडे असतो तसा. आता ह्यांना तो भाजीवाल्याचा कसा चालेल? शेवटी रसिकाने, माझ्या मुलीने, तुमचं ॲप शोधलं. दिसायला अगदी तसाच. मला वाटलं सुटले."

"ते करतात तरी काय नक्की?"

"बघाच."

त्यांनी मोबाइल गुणाजींच्या हातात दिला. म्हातारा एकदम सावरून बसला. दोन्ही हातांनी मोबाइल आडवा धरला आणि अंगठ्यांनी दाबायला लागला. नऊ. साइन. कोसाइन. टॅन्जंट. मग निळं बटण दाबून तीच वाट उलटी: टॅन्जंटचा उलटा, कोसाइनचा उलटा, साइनचा उलटा. त्यांना काकूंचं नाव आठवत नव्हतं कधीकधी, पण ह्यात ते कुठे अडखळले नाहीत.

डिस्प्लेवर आलं: नऊ, पॉइंट, आणि पुढे सगळी शून्यं.

गुणाजींचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "हा कोणी बदलला? माझा आहे तो कुठाय? बाई, तुम्ही कोण? माझ्या सामानाला हात कोण लावतं?"

मोबाइल प्रीतमच्या कानावरून गेला आणि सोफ्यावर आपटून खाली पडला. काकू वाकल्या, उचलला, पदराने पुसला. ते त्यांच्या इतकं सवयीचं झालं होतं की प्रीतमला बघवेना.

"साहेब," तो म्हणाला. आपल्या तोंडून हा शब्द कसा आला हे त्यालाही कळलं नाही. "किती यायला पाहिजे?"

गुणाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू धोंडीबाने इतक्या वर्षांत एवढं तरी शिकायला हवं होतं. "नऊ पॉइंट शून्य शून्य शून्य चार एक सात चार शून्य तीन. रोज सकाळी आधी यंत्र तपासायचं, मग मापं घ्यायची."

"पण साहेब, ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत आलो तर नऊलाच यायला नको का?"

"तू कधी तसा परत आलायस?" गुणाजी पुढे झुकले. त्यांचा आवाज आता शांत होता. "दगडापासून निघतो, डोंगराला वळसा घालून मोजत मोजत त्याच दगडाशी येतो. हिशेब कधी त्या दगडावर पडतो का? चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. तेवढी चूक असायचीच. ज्याची चूक शून्य येते ना, तो डोंगरावर गेलेलाच नसतो. तंबूत बसून आकडे लिहितो. अशा माणसाला मी कामावर ठेवत नाही."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, हे पाहुणे कोण आलेत.

प्रीतमला आता कळलं आणि कळलं म्हणून त्याचं डोकं आणखीच फिरलं. जुना कॅल्क्युलेटर प्रत्येक पायरीला दहाच आकडे धरायचा, बाकीचे सोडून द्यायचा. सहा पायऱ्यांत तेवढं तेवढं गळून शेवटी नऊच्या पुढे ती बारीक चूक उरायची. प्रीतमने मात्र बटणं आणि चेहरा जुना ठेवून आतलं गणित मोबाइलवर सोपवलं होतं. मोबाइल कितीतरी जास्त आकडे धरतो, त्याचं उत्तर साफ नऊ येतं. म्हणजे परब म्हणत होते ते खरं होतं. मोबाइलवर होता तो त्यांचा कॅल्क्युलेटर नव्हता, त्याचा मुखवटा होता.

"करतो काकू," तो जिना उतरताना म्हणाला. "थोडे दिवस द्या."

घरी येऊन त्याने समीक्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कर मग. पण पुढच्या रविवारी आईकडे जायचंय हे लक्षात ठेव."

त्याने लक्षात ठेवलं आणि तरीही ते जाणं झालं नाही. काम सोपं वाटलेलं: प्रत्येक पायरीला दहा आकडे ठेव, बाकीचे टाक. त्याने तसं केलं. उत्तर आलं, पण भलतंच. नऊच्या पुढची शून्यं झाली, आणि मग परबांच्या आकड्यांशी काही संबंध नसलेले आकडे. त्याने कापण्याऐवजी जवळच्या आकड्याला पूर्ण करून पाहिलं. तरी भलतंच. मग त्याने त्या जुन्या कंपनीच्या इंजिनिअरांनी त्या काळी लिहिलेले लेख शोधले, ते वाचले, साइन काढायची त्यांची रीत शिकला, ती पुन्हा लिहिली. त्या नादात भागाकार बिघडला. एका अमेरिकन आजोबांची तक्रार आली की काल चालणारं आज चालत नाही.

आणि रोज फोन. "झालं का?"

"नाही काकू. सांगतो मी झालं की."

"आज त्यांनी जेवण नाही घेतलं. म्हणतात, यंत्र तपासल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, आणि काम सुरू झाल्याशिवाय डबा उघडत नाहीत."

"काकू, मी नोकरी सांभाळून करतोय हे."

"मी काय करतेय मग?" आणि फोन कट.

प्रीतम फोनकडे बघत राहायचा. चूक त्या बाईची नव्हती, म्हाताऱ्याची नव्हती, कोणाचीच नव्हती. रागवायला कोणी हातालाच लागत नव्हतं, म्हणून तो समीक्षावर चिडायचा. तिने एकदा ताटातलं गार झालेलं जेवण उचलून नेलं आणि स्पष्ट सांगितलं, "त्या काकूंना तुझा राग येतो, तुला माझ्यावर येतो. मी कोणावर काढू? खालच्या वॉचमनवर?"

तो ओशाळला. त्या दिवशी त्याने कॉम्प्युटर बंदच ठेवला आणि तिच्या आईकडे जाऊन आला.

उत्तर सापडलं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये, हातात चपातीचा तुकडा असताना. टॅन्जंटचं जे उत्तर यायचं त्यात पॉइंटनंतर आधी एक शून्य होतं. प्रीतम दहा आकडे मोजत होता ते पॉइंटपासून. जुना कॅल्क्युलेटर पुढची शून्यं धरतच नसे, तो पहिल्या खऱ्या आकड्यापासून दहा मोजायचा. प्रीतमने फार पूर्वी कुठूनतरी उचललेली तयार ओळ त्या शून्यालाही आकडा समजून जागा देत होती. एक ओळ! इतके दिवस त्याने कंपनीचे लेख पालथे घातले, साइन नव्याने लिहिली, सासूबाईंचा रविवार बुडवला, आणि चूक कॉलेजातल्या पोरानेही केली नसती अशी. शेजारचा सहकारी विचारत होता, काय रे, तिखट लागलं का? प्रीतमने लॅपटॉप उघडला, ती ओळ बदलली आणि सहा बटणं दाबली.

नऊ पॉइंट शून्य शून्य शून्य चार एक सात चार शून्य तीन.

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त डोकं टेबलावर टेकावंसं वाटलं.

शनिवारी तो पुन्हा शहाडला गेला. यावेळी त्याने स्वतःचा जुना मोबाइल नेला होता. सिमकार्ड काढलेलं, त्यावर दुसरं काहीच नाही, फक्त कॅल्क्युलेटर, आणि तो स्क्रीनवरून हलणार नाही अशी सोय. गुणाजींनी तो हातात घेतला. नऊ दाबलं. काही झालं नाही. म्हाताऱ्याची बोटं इतकी कोरडी पडली होती की काचेला ती कळतच नव्हती. काकूंनी त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला. मग नऊ उमटला. साइन, कोसाइन, आणि तेवढ्यात वरून पट्टी उतरली: नवीन अपडेट उपलब्ध आहे.

"हे काय लिहिलंय?" गुणाजी म्हणाले.

"काही नाही साहेब, द्या," म्हणत प्रीतमने पट्टी बंद केली. मोबाइल परत देताना तो उभा धरला गेला आणि अख्खा कॅल्क्युलेटर फिरून चेपला गेला. त्याने घाईने ते फिरणं बंद केलं, तर स्क्रीनच विझली. काकूंनी डोळे मिटून घेतले. प्रीतमने ज्या कंपनीने हा मोबाइल बनवला तिला, मोबाइलचा शोध लावणाऱ्याला आणि स्वतःला मनातल्या मनात जेवढ्या देता येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

"पहिल्यापासून, साहेब."

गुणाजींनी पहिल्यापासून केलं. शेवटचं बटण दाबून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ओठ हलायला लागले. शून्य, शून्य, शून्य. चार. एक. सात. चार. शून्य. तीन.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मोबाइल झेलायला त्यांचा हात अर्धा पुढे आलेलाच होता.

"हं," गुणाजी म्हणाले. "चला. धोंडीबा, पट्टी घे. त्या झाडापाशी उभा राहा."

झाड म्हणजे गॅलरीच्या दारातली तुळस. प्रीतमने इकडेतिकडे पाहिलं. काकूंनी कोपऱ्यातली जळमटं काढायची काठी उचलून त्याच्या हातात दिली. "राहा थोडं उभे," त्या म्हणाल्या. मग दारामागची पिशवी काढली. "मी खाली जाऊन येते."

"काकू, मला निघायचं होतं, तो पत्री पूल—"

दार लागलं होतं.

प्रीतम काठी धरून उभा राहिला. गुणाजी एक डोळा मिटून त्याच्याकडे रोखून बघायचे, काहीतरी आकडे स्वतःशी बोलायचे, मोबाइलवर दाबायचे. "सरळ धर. कललीय डावीकडे." त्याने सरळ केली. "आता मागे हो." तो मागे झाला, कपड्यांच्या दोरीत अडकला. "झोप काढायला आलायस का?" "नाही साहेब." हात दुखायला लागले. त्याने काठी टेकवली तर ओरडा बसला. खिशातला फोन वाजला, समीक्षाचा असणार, तो उचलता येईना. काकू भाजी आणायला गेल्या की भाजी पिकवायला, असं त्याला झालं. मध्येच गुणाजींनी मान वर करून विचारलं, "घरी सगळं ठीक? पोरगी बरी आहे ना आता?" कोणती पोरगी, कुठल्या वर्षीची, प्रीतमला काय माहीत. "बरी आहे साहेब," तो म्हणाला. म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि पुन्हा बटणं दाबायला लागला.

काकू आल्या तेव्हा गुणाजी डबा मागत होते. काम झालं होतं. काकूंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि ते निमूट जेवायला बसले. प्रीतम खांदे चोळत दाराकडे निघाला. तो चिडलेला होता आणि ते लपवायची ताकदही उरलेली नव्हती.

"एवढा वेळ, काकू?"

"डोसा खाल्ला," त्या म्हणाल्या. "स्टेशनपाशी. बसून, एकटीने. मग अजून एक मागवला." पिशवीत भाजी नव्हती हे त्याला तेव्हा दिसलं. "चिडलात?"

"नाही," प्रीतम म्हणाला, आणि मग म्हणाला, "हो, थोडा."

"चिडा. मी रोज चिडते." त्यांनी चप्पल त्याच्या पुढ्यात सरकवली. "पुढच्या शनिवारी याल का? रोज मीच उभी राहीन आता, मला जमेल. पण शनिवारी."

प्रीतमला नाही म्हणायचं होतं. शिळफाटा, पत्री पूल, ऑफिस, समीक्षा, सगळी कारणं तयार होती. आतून गुणाजींचा आवाज आला, उद्या उजाडायच्या आत निघायचं, उशीर झाला तर पगार कापीन.

"हो साहेब," तो तिथूनच ओरडला, आणि काकूंना म्हणाला, "बघतो."

खाली येऊन त्याने समीक्षाला फोन लावला. ती आधी रागावली, मग सगळं ऐकून हसली, मग पुन्हा रागावली. पुढच्या शनिवारी मात्र ती त्याच्याबरोबर शहाडला आली. गुणाजींनी तिला कोणीतरी मोठ्या हुद्द्याची बाई समजून उठून नमस्कार केला, आणि काठी धरायला प्रीतमलाच सांगितलं. शेवंतीकाकू आणि समीक्षा दोघी मिळून डोसा खायला गेल्या. त्याही दिवशी लवकर आल्या नाहीत.